दिवसाची लाईन

मी छत्तीस वर्षं नर्स होते. या छत्तीस वर्षांत नातेवाइकांनी मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न एकच : "सिस्टर, डॉक्टर कधी येतील?" मी त्यांच्याच पेशंटची नाडी बघत असायची, सलाईनचे थेंब मोजत असायची आणि ते माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत असायचे. सुरुवातीला राग यायचा. पुढं पुढं मला त्याचं कुतूहल वाटायला लागलं. डॉक्टर खाटेजवळ पाच मिनिटं येतात, बाकीचा दिवस आम्ही असतो. तरी जे बघायचं ते आम्ही बघतो आणि जे सांगायचं ते डॉक्टरांनीच सांगायचं, हे कोणी कधी ठरवलं असेल?

निवृत्त होऊन आता मी गोंदियाजवळ फुलचूरला असते. या अंकासाठी 'नोकरीतले अनुभव लिहा' असा निरोप आला तेव्हा पहिल्यांदा नाहीच म्हटलं. जन्म-मृत्यू इतके पाहिले की कुठला उचलायचा? मग एक उन्हाळा आठवला. करोना यायच्या दोन वर्षं आधीचा. तेवढाच सांगते.

आमचं रुग्णालय जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाबाहेर होतं. तीन बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. कुठलं, ते लिहीत नाही. तिथली माणसं अजून नोकरीत आहेत. बाळंतिणींचा वॉर्ड आणि ऑपरेशन थिएटर, दोन्हींची इन्चार्ज मी. स्त्रीरोगतज्ज्ञ एकच, डॉ. खानझोडे. हात अतिशय चांगला. तीन तालुक्यांच्या अडलेल्या बाया त्यांच्याकडे यायच्या. जेवायला वेळ मिळायचा नाही, त्यामुळे बोलणं तुटक. रागावले की आवाज चढायचा नाही, उलट खाली यायचा. त्याचीच जास्त भीती वाटायची.

सिझेरियन झालेल्या बाईचं ड्रेसिंग आम्ही तिसऱ्या दिवशी उघडतो. नर्सच्या कामातला हा छोटा, पण उत्सुकतेचा क्षण असतो. पट्टी सोडवताना श्वास आपोआप रोखला जातो. चांगल्या जखमेला वास नसतो, कडा कोरड्या असतात, टाके रांगेत बसलेले असतात. बाईला सांगायचं, "छान आहे हो." ती नवऱ्याकडे बघून हसते. संपलं.

त्या फेब्रुवारीच्या शेवटी पहिली जखम बिघडली ती सुकवंताची. चिचगडकडच्या जंगलातल्या एका टोल्यावरची, म्हणजे वस्तीवरची, वीस-एकवीस वर्षांची पोर, पहिलंच बाळंतपण. तिच्या सासूनं मला वॉर्डाच्या दारातच गाठलं.

"सिस्टरबाई, टाक्याले वास येऊन राह्यला. कायले येते वास? मी तं वांग्याचा कुटका बी तिच्या तोंडात जाऊ देला नाई जी!"

पट्टी उघडली. म्हातारीचं नाक खरं होतं. दोन टाक्यांमधून पू येत होता.

पुढच्या तीन दिवसांत आणखी दोघींचे टाके पिकले. मग आठवडाभर सगळं ठीक. मग पुन्हा चौघी.

सकाळच्या राउंडची आमची एक रांग असते. पुढं डॉक्टर, मागं शिकाऊ डॉक्टर, त्यांच्या मागं ट्रे घेऊन नर्स. त्या दिवशी डॉ. खानझोडे चौथ्या खाटेशी थांबले, जखम बघितली आणि खालच्या आवाजात म्हणाले, "ड्रेसिंग कोण करतं?"

"वैशाली मेश्राम, सर," मी म्हणाले. "पण मला वाटतं..."

"सिस्टर, वाटणं माझ्यावर सोडा. तुम्ही पोरींना हात धुवायला शिकवा."

दुसऱ्या दिवशी वैशालीला मेमो आला. 'ड्रेसिंगमधील निष्काळजीपणा.' वैशाली बाळंतपणाची रजा संपवून नुकतीच कामावर आलेली होती, दहा महिन्यांचं बाळ घरी सासूकडे ठेवून. मेमो वाचून तिनं कागदाची चौकोनी घडी घालून पर्समध्ये टाकली आणि ट्रे लावायला गेली.

इथं मला एक कबुली द्यायची आहे. पहिला संशय मलाही तिचाच आला. मी तिच्या मागं उभी राहून तिचे हात बघायला लागले. साबण लावते का, किती वेळ चोळते, नळ कोपरानं बंद करते का. तिच्या लक्षात यायचं. ती मान न वळवता पुन्हा साबण घ्यायची.

आठ दिवस असं बघून माझी खात्री पटली की वैशालीसारखे हात धुणारी मुलगी आमच्याकडे दुसरी नाही. मग कोण? मग काय? लहानपणापासून मला ही खोड आहे. घरी कोंबडी अंडी द्यायची थांबली तरी मी तिच्या मागं दिवसभर फिरायची. मी एक वही केली. कोणत्या बाईचं ऑपरेशन कोणत्या दिवशी झालं, सकाळी की दुपारी, खाट कोणती, गाव कोणतं, ड्रेसिंग कोणी केलं, घरच्यांनी काय खाऊ घातलं, चादर कोणत्या धुलाईची. धोब्याकडे जाऊन कपडे कुठं वाळतात ते पाहून आले. वॉर्डाच्या नळाचं पाणी वास घेऊन पाहिलं. सुकवंताच्या सासूचं वांगंसुद्धा वहीत होतं.

मार्च संपत आला तेव्हा वही पुढ्यात घेऊन बसले आणि एक गोष्ट एकदम डोळ्यांत भरली. एका आठवड्यात ऑपरेशन झालेल्या बायांचे टाके पिकायचे, त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या सगळ्या कोरड्या. पुन्हा एक वाईट, पुन्हा एक चांगला.

आनंद व्हायच्या ऐवजी मी वही मिटली. कारण रुग्णालयात दर आठवड्याला बदलणारी गोष्ट एकच, नर्सेसच्या ड्यूट्या. हे डॉक्टरांच्या हाती लागलं असतं, तर त्यांनी एकच म्हटलं असतं, बघा, मी काय सांगत होतो. दोन दिवस ती वही मी कपाटात कुलपात ठेवली. खरं शोधायला निघाले होते आणि आपल्याच पोरींवर बोट आलं म्हणून लपवून बसले होते. तिसऱ्या दिवशी मलाच माझी लाज वाटली. ड्यूटीचा तक्ता काढला आणि ओळीनं ताडून पाहिलं. आमच्या ड्यूट्या तीन : सकाळ, दुपार, रात्र. तीच पोर तीन आठवड्यांनी परत सकाळी यायची. दोन आठवड्यांचं गणित त्यात बसेना. पोरी सुटल्या. मी केवढा मोठा श्वास सोडला! पण मग एक आठवडा आड करून येणारं हे आहे तरी काय?

उत्तर मिळालं ते माहेरी, आमगावच्या पलीकडे. आमचं घर धानाच्या शेतीचं. पोवारांचं घर, शेती भाऊ बघतो. घरात आम्ही पोवारीत बोलतो, बाहेर झाडीबोलीत; इथं भावाचं बोलणं झाडीबोलीतच लिहिते. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. मी भावाला म्हटलं, "बेस्तरवारी आईला घेऊन गोंदियाला ये, डॉक्टरला दाखवू."

भाऊ तेजराम बांधीतनं चिखलाच्या पायांनी आला होता. तो म्हणाला, "ह्या हप्त्यात नाई जमत, बाई. दिवसाची लाईन हाय. मोटर सोडून कसा येऊ? पुढच्या हप्त्यात रातची लाईन राहते, मंग दिवसभर मोकराच हाव. तवा दाखवू आईचे डोरे."

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. शेतीच्या मोटारींना लागणारी वीज चोवीस तास नसते. एक आठवडा दिवसा सोडतात, एक आठवडा रात्री. उन्हाळी धानाला पाणी सारखं लागतं, त्यामुळे लाईन आली की गावातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात.

मी चहाचा कप खाली ठेवला. "एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रातची? कधीपासून?"

"काऊन? तुले का धान लावाचा हाय?"

"सांग ना रे!"

त्यानं बोटांवर मोजून आठवडे सांगितले. म्हणाला, "औंदा समद्याइनं उन्हारी धान लावलं ना. नव्या बोरवेल झाल्या. दिवसाची लाईन असली का घरचा पंखा बी रांगते."

वही पिशवीत होतीच. काढली. भावाचे दिवसाचे आठवडे आणि माझे पिकलेल्या टाक्यांचे आठवडे ओळीनं सारखे. मी खाटेवर बसून राहिले. आई विचारत होती, काय झालं ग? काय सांगणार? धानाच्या पाण्याचा आणि बाईच्या पोटावरच्या टाक्याचा संबंध काय, ते मलाही कळत नव्हतं. पंखा रांगतो, एवढंच डोक्यात फिरत होतं. थिएटरमध्ये विजेवर चालणारं काय काय आहे? दिवे, सक्शन, आणि...

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थिएटरच्या मागच्या खोलीत गेले. तिथं ऑटोक्लेव्ह असतो. ऑपरेशनची कापडं, गॉज, हत्यारं एका गोल स्टीलच्या डब्यात भरतात, त्याला आम्ही ड्रम म्हणतो. तो ड्रम ऑटोक्लेव्हमध्ये ठेवून वाफेच्या दाबानं निर्जंतुक करायचा. मोठा कुकरच समजा. फक्त त्याला शिट्टी नसते, दाबाचा काटा असतो. काटा पंधरावर पोचला की तिथून अर्धा तास मोजायचा.

ते यंत्र सांभाळायचे नंदलालभाऊ. गोंदियाचे, हिंदी बोलणारे, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, चतुर्थ श्रेणी कर्मचारी. स्टुलावर बसून ते पेपर वाचत होते.

"नंदलालभाऊ, वेळ कशी मोजता हो तुम्ही?"

"पैंतालीस मिनट, सिस्टर. पच्चीस साल से पैंतालीस मिनट."

"कधीपासून पंचेचाळीस?"

"स्विच चालू किया वहाँ से."

मी काट्याकडे बघितलं. एरवी पाणी तापून काटा पंधरावर यायला पंधरा मिनिटं लागायची, पुढं अर्धा तास उरायचा, हिशोब बरोबर बसायचा. त्या दिवशी दिवसाची लाईन होती. आम्ही दोघं घड्याळ लावून बसलो. सगळ्या मोटारींमुळे विजेचा दाब उतरलेला, पाणी लवकर तापेचना; काटा पंधरावर आला चाळिसाव्या मिनिटाला. पाच मिनिटांनी नंदलालभाऊंचा हात सवयीनं स्विचकडे गेला. पंचवीस वर्षांची सवय. ड्रम काढला, झाकण उघडलं. आतली कापडं दमट होती. हीच कापडं आम्ही बायांच्या उघड्या पोटावर अंथरत होतो.

जंतू मेले का, ते ओळखायला एक टेप असते, नीट निर्जंतुक झालं की तिच्यावर काळे पट्टे उमटतात. ती डिसेंबरातच संपली होती. मी दोनदा मागणी लिहिली होती. ती मागणी कोणत्या टेबलावर झोपली होती, कोण जाणे.

मी जरा चढ्या आवाजातच म्हणाले, "ड्रम ओला निघतो हे तुम्हाला दिसत नव्हतं का, नंदलालभाऊ? सांगायचं नाही?"

त्यांनी पेपरची घडी घातली. "बोला था, सिस्टर."

"कुणाला?"

"आपको. होली के पहले. आप फोन पे थीं. मैं बोला, ड्रम गीला निकल रहा है. आप बोलीं, धूप में रख दो."

मला आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. पण ते शब्द माझेच होते, 'धूप में रख दो'. असंच तोडून टाकायची सवय आहे मला. माझं कोणी ऐकत नाही म्हणून मी वही भरत होते आणि माझ्या भिंतीपलीकडे बसलेला माणूस महिनाभर आधी सगळं सांगून मोकळा झाला होता. राग कुणावर काढायचा?

त्यानंतर मी डॉ. खानझोड्यांना सांगितलं. पहिल्यांदा व्हरांड्यात, चालता चालता. "हं, हं," म्हणून ते पुढं गेले. दुसऱ्यांदा त्यांच्या खोलीत, वही घेऊन. भावाची मोटर, दिवसाची लाईन असं सगळं सांगितलं. त्यांना हसू आलं. "म्हणजे सिस्टर, तुमच्या भावाच्या धानामुळे माझे टाके पिकतात?" शिकाऊ डॉक्टरही हसले. तिसऱ्यांदा लेखी. अर्ज अधीक्षकांच्या नावानं, पण नर्सचा अर्ज विभागप्रमुखामार्फतच जातो, म्हणजे पुन्हा त्यांच्याच टेबलावर.

दरम्यान सुकवंताचा ताप उतरेना. एका सकाळी तिची जखम पूर्ण उसवली. तिला मेडिकल कॉलेजात पाठवायची वेळ आली. अॅम्ब्युलन्समध्ये चढवताना तिची सासू बाळाला पोटाशी घेऊन उभी होती. ती मला म्हणाली, "हे लेकरू कायच्या दुधावर जगवू, सिस्टरबाई?" तो प्रश्न मला सहन झाला नाही.

पुढचा मंगळवार पुन्हा दिवसाच्या लाईनचा. सकाळी एक ठरवलेलं सिझेरियन होतं. गीता नावाची बाई, दुसरं बाळंतपण. घाई नव्हती, बाळ-बाळंतीण दोघं ठीक. मी नंदलालभाऊंना आदल्या दिवशी पुन्हा सांगून ठेवलं होतं की काटा बघूनच वेळ मोजा. पण सकाळी मला वॉर्डात उशीर झाला. तेवढ्यात कोणीतरी "साहेब आले, ड्रम आण" म्हणून ओरडलं आणि ड्रम बाहेर आला. मी झाकण उघडलं. दमट.

डॉ. खानझोडे हात धुऊन, कोपर वर धरून आत आले. "सिस्टर, ट्रॉली लावा."

"ड्रम ओला आहे, सर. परत लावावा लागेल."

"किती वेळ?"

"आज सव्वा तास तरी."

त्यांचा आवाज खाली आला. "सिस्टर, बाहेर बारा पेशंट बसलेत. ट्रॉली लावा."

मी म्हणाले, "केसपेपरवर लिहा, सर. ड्रम ओला असल्याचं सिस्टरनं सांगितलं, तरी ऑपरेशन करतो आहे. एवढंच लिहून सही करा. मी लगेच ट्रॉली लावते."

टेबलावर गीता छताकडे बघत पडली होती. तिला काय कळत होतं, देव जाणे. डॉक्टरांनी मग धुतलेले हात खाली सोडले आणि बाहेर निघून गेले.

तो सव्वा तास माझ्या नोकरीतला सर्वांत लांब. बाहेर गीताचा नवरा भांडत होता, बाई सकाळपासून उपाशी आहे म्हणून. मी वैशालीला दर दहा मिनिटांनी बाळाचे ठोके ऐकायला बसवलं होतं. ती आकडा सांगायची आणि मी काट्याकडे बघायची. ठोके मंदावले असते तर? तर मी त्याच ओल्या ड्रमनं ट्रॉली लावली असती. दुसरा रस्ता नव्हता. म्हणजे माझा हट्ट बरोबर होता की नाही, हे बाळाच्या ठोक्यांवर होतं. ते ठोके शेवटपर्यंत नीट राहिले. नंदलालभाऊंनी काटा पंधरावर आल्यापासून अर्धा तास मोजला, एक मिनिट कमी नाही. कोरडा, गरम ड्रम आला. डॉक्टर परत आले, त्यांनी ऑपरेशन केलं. मुलगी झाली.

संध्याकाळी मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. 'शस्त्रक्रियेत अडथळा आणणे.'

पुढं काय काय झालं, ते सांगून टाकते. गीताचे टाके आठव्या दिवशी कोरडे निघाले. माझ्या सांगण्यावरून नंदलालभाऊ रोज काटा बघायला लागले आणि पुढच्या दिवसाच्या लाईनच्या आठवड्यात एकही जखम बिघडली नाही. नोटिशीला मी उत्तर दिलं. त्याचं पुढं काही झालं नाही. वैशालीचा मेमो मात्र तिच्या फायलीत तसाच राहिला. मी कारकुनाला विचारलं, तो काढून टाकता येईल का? तो म्हणाला, मॅडम, मेमो लावायची तरतूद आहे, काढायची नाही. काही महिन्यांनी ऑटोक्लेव्हला स्टॅबिलायझर आणि घंटा वाजवणारं घड्याळ बसलं. जिल्ह्याच्या बैठकीत या कामाचं कौतुक झालं, 'डॉक्टरांच्या पथकाच्या निदर्शनास आले' अशा शब्दांत. ते पथक कोण, ते मला आणि नंदलालभाऊंना चांगलंच माहीत होतं. सुकवंता जगली. दोन महिन्यांनी परत आली, कमरेत वाकून चालत. बाळ तिच्या जावेच्या दुधावर वाढलं होतं. तिला कोणी कधी सांगितलं नाही की तिच्या वांग्या-बिंग्याचा काही दोष नव्हता. मी सांगितलं. ती नुसती हसली. त्या हसण्याचा अर्थ मला लावता आला नाही.

वैशालीची माफी मागायला मला महिना लागला. कपडे बदलायच्या खोलीत ती पदराला पिन लावत होती. मी म्हणाले, "वैशाली, मी तुझे हात बघत होते. माझं चुकलं."

ती म्हणाली, "मला माहीत होतं, मॅडम. तुमचं काही नाही. पण मलाच वाटायला लागलं होतं की माझ्या हातातच काहीतरी आहे. महिनाभर मी घरी गेल्यावर माझ्या पोराला उचललं नाही. सासूला सांगायची, कंबर दुखते."

तेव्हा ती रडली नाही, मी रडले. मेमोचा कागद एका मुलीच्या घरात कुठपर्यंत शिरतो, हे सही करणाऱ्याला कसं कळावं?

पण मला सगळ्यांत जास्त आठवते ती मे महिन्यातली एक दुपार. धान कापून झालं होतं, मोटारी बंद होत्या, वॉर्डात पंखे जोरात फिरत होते. मी ड्यूटी रूममध्ये औषधांची यादी करत होते. डॉ. खानझोडे दारात येऊन उभे राहिले. एवढ्या वर्षांत ते आमच्या खोलीत कधी आले नव्हते. हातात माझी वही होती; अर्जाला जोडलेली, महिनाभर त्यांच्या टेबलावर पडलेली.

"सिस्टर, ही मी काल रात्री वाचली," ते म्हणाले. "हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

मला वाटलं चेष्टा करताहेत. मी म्हणाले, "सांगितलं होतं, सर. तीनदा."

"मला?"

"व्हरांड्यात. मग तुमच्या खोलीत. तुम्ही हसला होता."

त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. ते खोटं बोलत नव्हते. मनापासून आठवायचा प्रयत्न करत होते आणि त्यांना आठवत नव्हतं. माणूस समोर उभा राहून बोलतो, दुसऱ्याचे कान चांगले असतात, तरी आवाज पोचत नाही. हे होतं तरी कसं? मी त्यांना दोष देऊ शकले नाही. 'धूप में रख दो' मलाही आठवत नव्हतं.

ते खुर्ची ओढून बसले. "मग आता परत सांगा. पहिल्यापासून."

मी सांगितलं. चहा आला, त्यावर साय धरली. माझं संपल्यावर म्हणाले, "आणि ड्रम ओला निघतो, हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं?"

"नंदलालभाऊंच्या."

"बोलवा त्यांना."

नंदलालभाऊ आले ते घाबरूनच. साहेबांनी बोलावलं म्हणजे काहीतरी चुकलं, असा त्यांचा पंचवीस वर्षांचा अनुभव. डॉक्टर म्हणाले, "बसा, नंदलालभाऊ. तुम्हाला काय काय दिसलं ते मला सांगा."

नंदलालभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ते स्टुलाच्या काठावर टेकले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "ड्रम का तो हो गया, साहब. अब पूछ ही रहे हो तो बोलता हूँ. थिएटर में हाथ धोने का पानी ऊपर जिस टंकी से आता है ना, उसका ढक्कन तीन साल से टूटा पड़ा है. बंदर बैठते हैं उस पर."

डॉक्टरांनी आपल्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चला," ते उठत म्हणाले.

गच्चीचा जिना अरुंद होता. पुढं नंदलालभाऊ, त्यांच्या मागं मी, सगळ्यांत मागं डॉक्टर. उन्हानं गच्ची तापली होती. नंदलालभाऊ थेट टाकीपाशी गेले आणि बाजूला सरकून त्यांनी आम्हा दोघांना वाकून बघायला जागा करून दिली.